शेक संपल्यावर

पहिला शेक द्यायच्या आधी कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी आयेला आणि मला समोर बसवलं. बाई तरुण होत्या, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी गोड करून काही सांगितलं नाही.

"आजी, पहिले दोन आठवडे तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? मग तोंड आतून सोलून निघायला लागेल. औषध चुकलं म्हणून नाही. ते होणारच आहे. आपण त्यातून पार व्हायचंय, एवढंच."

आयेने मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "लई घाबरवते रे ही पोर."

आये म्हणजे माझी आई. लांजा तालुक्यातल्या आमच्या गावी ती अंगणवाडी सेविका होती. वाडीतल्या दोन पिढ्यांची पोरं तिने नाक पुसून, गाणी शिकवून शाळेत धाडली. विहारात वंदना सुरू करायची ती तिनेच. तिचा आवाज लागल्याशिवाय बाकीच्या बायका तोंड उघडत नसत. आणि रोज सकाळी ती मिशरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, तळहातावर चुरायची आणि उंबऱ्यावर बसून बोटाने हिरड्यांना चोळत राहायची. आमच्याकडे पुष्कळ बायका लावतात. डाव्या गालात आतून चट्टा आला तेव्हा तो दाढेमुळे आला असं तिने ठरवून टाकलं. तो दुखायला लागला तेव्हा त्याच्यावरच ती मिशरी दाबून धरू लागली, कारण मिशरीने दुखणं बधिर व्हायचं. माझ्यापर्यंत गोष्ट आली तोवर गालावर बाहेरून गाठ दिसत होती.

ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचं मांस आणून गालाला ठिगळ लावलं. जखम भरल्यावर शेक सुरू करायचे ठरले. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणत, पण त्या दालनाबाहेर बसणारे आम्ही सगळे शेकच म्हणायचो. मी शाळेतून रजा घेतली आणि हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्याने घेऊन आम्ही दोघं राहिलो. माझी बायको रत्नागिरीत सरकारी कचेरीत आहे. तिला एवढी रजा मिळण्यासारखी नव्हती. शनिवारच्या एसटीने ती यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची.

मिशरी ऑपरेशनच्या वेळीच सुटली होती. सुटली असं आम्ही धरून चाललो होतो.

शेक घेताना माणसाचं डोकं हलू नये म्हणून प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा करतात. तो गरम असताना चेहऱ्यावर दाबून त्याच माणसाच्या मापाचा बनवतात आणि रोज त्याच्याखाली डोकं ठेवून तो टेबलाला खटाखट बसवतात. आये आतून बाहेर आली की तिच्या कपाळावर नि गालांवर बारीक चौकटी उमटलेल्या असायच्या. त्या तासाभरात जायच्या. पहिले दोन आठवडे खरंच काही झालं नाही. ती मऊभात खायची, डाळ खायची, अंडं खायची, आणि संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला चल म्हणायची. मला मात्र तिचं ते जेवणं बघवत नव्हतं. भरती यायच्या आधी खाडीचं पाणी जसं गप्प असतं, तसे ते दिवस होते.

आमच्या आधी ज्याचा नंबर असायचा तो चिपळूणजवळच्या लोट्याचा होता. चाळिशीचा, एका केमिकल कारखान्यात प्लँट ऑपरेटर. जिभेचा कॅन्सर. त्याच्या मेव्हणीचं घर कोल्हापुरात होतं म्हणून तो इकडे आला होता. त्याच्या नाकात नळी होती. ती गालावर पांढऱ्या चिकटपट्टीने चिकटवलेली आणि टोक कानामागून खांद्यावर सोडलेलं. बरोबर त्याची बायको असायची. ती पिशवीतून मोठी पिचकारी काढायची, नळीच्या तोंडाला लावायची आणि पातळ केलेलं खाणं सावकाश सोडायची. तो तिथेच बाकावर बसून जेवायचा, म्हणजे नळीतून जेवायचा, आणि जेवता जेवता आमच्याशी बोलायचा. जीभ सुजलेली असल्यामुळे शब्द बोबडे यायचे, पण बोलायची हौस दांडगी होती.

"मावशी, आमच्या प्लँटला अशा नळ्या भिंतभर आहेत," तो आयेला म्हणाला. "त्यातली एक माझ्या नाकात आली. काय बिघडलं?"

आये हसली नाही. ती त्याच्याशी नीट बोलायची, त्याच्या बायकोला घरच्यासारखं विचारायची, पण त्याच्या नळीकडे बघायची नाही. बसताना मध्ये एक खुर्ची सोडून बसायची. मी एकदा कारण विचारलं.

"खालच्या वाडीतली नाय का, ती मुंबईसून आली तेव्हा तिच्या नाकात हेच होतं," ती म्हणाली. "मी रोज जायची तिच्याकडे. नळी घालून घरी आणलेलं माणूस कधी उठलेलं बघितलंस तू?"

मलाही तसं माणूस आठवत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने पेज तोंडात घेतली आणि तशीच धरून बसली. मग गिळून म्हणाली, "भांडं नीट घासलंस ना? लोखंडाची चव येते." भांडं स्टीलचं होतं. दुसऱ्या दिवशी चहा मातीसारखा लागला. त्यानंतर चवच गेली. मी तिला खिडकीपाशी बसवून बॅटरीने तोंडात पाहिलं. आतला गाल, टाळू, जिभेच्या कडा, सगळं लालभडक झालं होतं, उन्हाने भाजलेल्या कातडीसारखं. चार दिवसांनी त्या लालीवर पांढुरके पापुद्रे दिसू लागले. ते सुटले की खाली कच्चं मांस. थुंकी घट्ट होऊन तिच्या तारा निघायच्या. त्या तिला थुंकताही येत नसत नि गिळताही येत नसत. ती रुमालाने पुसून काढायची.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून दिलं होतं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी गुळण्या. लहान मुलांचा मऊ ब्रश. तिखट, आंबट, गरम काही नाही. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश तर नाहीच. खाण्याआधी तोंड बधिर करणारं एक घट्टसर औषध होतं, ते तोंडात फिरवून थुंकायचं आणि मग लगेच खायचं. ते आधी झोंबायचं आणि मग बधिर करायचं. त्या झोंबण्याच्या वेळी आये माझं मनगट धरायची. दुखणं वाढलं तसं मॉर्फीन सुरू झालं. त्याचं नाव ऐकून मी दचकलो, तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, दुखणं थांबलं नाही तर त्या गिळणार नाहीत. गिळलं नाही तर वजन उतरेल, मुखवटा सैल होईल, शेक थांबवावे लागतील. शेक थांबले तर आतला आजार वाट बघत बसत नाही."

ते वाक्य मला झोपेतसुद्धा ऐकू यायचं. मी त्या भाड्याच्या खोलीत सोडा-मीठ ढवळत बसायचो आणि आयेच्या तोंडाकडे पाहायचो. सकाळी उठल्यावर ती वंदना म्हणायची, ती आता नुसती ओठांनी. आवाज येत नव्हता.

शेक संपले त्या दिवशी लोट्याच्या माणसाचेही संपले. बायकांनी एकमेकींचे फोन नंबर घेतले, म्हणजे त्याच्या बायकोने माझा घेतला आणि तिचा मला दिला. आयेला फोन नीट वापरता येत नाही. लोट्याचा माणूस आयेच्या पाया पडला. आयेने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पहिल्यांदाच मी पाहिलं की तो हात नळीला लागू नये म्हणून तिने किती जपून ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "घरी जाताय, पण एक लक्षात ठेवा. शेक आज थांबले, त्यांचं काम थांबलेलं नाही. तोंड अजून दहा-पंधरा दिवस बिघडत जाईल. मग उतरेल. या दिवसांत पाणी जाणं बंद झालं, ताप आला, रक्त आलं, तर थांबू नका."

आंबा घाटात रस्त्याचं काम चालू होतं. गाडी खड्ड्यातून जाताना आये टॉवेल तोंडावर दाबून धरत होती. साखरप्यापासून खाली तिला झोप लागली. रत्नागिरीत शिरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. शेजारच्या काकू जिन्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चला, सुटलात एकदाच्या!" आयेने हात जोडले.

पुढचे चार-पाच दिवस लोक येत राहिले. गावाहून मामा शहाळी घेऊन आला. कुणी काजू आणले, कुणी खीर. सगळे "संपलं ना?" असं विचारायचे, आणि आये मान हलवायची. माणसं गेली की मी तिचं तोंड बघायचो. बाईंनी सांगितलं होतं तसंच चाललं होतं. पापुद्रे गालावरून घशाकडे सरकत होते. ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडून रक्ताची खपली धरायची आणि तोंड उघडताना ती फुटायची. पेज आधी वाटीभर जायची, मग अर्धी, मग चार चमचे. माझी बायको कचेरीत जाण्यापूर्वी नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून, गाळून, गार करून ठेवायची. संध्याकाळी ते तसंच असायचं.

"आई, घोटभर तरी घ्या," ती म्हणायची.

आये बोटाने घसा दाखवायची आणि मान हलवायची. तिच्या अंगावरचा ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. डोळे मोठे दिसायला लागले होते. माझी रजा संपली होती. शाळेत वर्गावर असताना फोन वाजला की माझ्या हातातला खडू थांबायचा.

आणि मग ती दुपार.

शाळा लवकर सुटली होती. दार माझ्याकडच्या किल्लीने उघडलं आणि आत पाऊल टाकताच वास आला. जळक्या तंबाखूचा वास. लहानपणी रोज सकाळी ज्या वासाने मी जागा व्हायचो तो वास. मला आधी वाटलं, आपल्याला भास होतोय. आये मोरीपाशी जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. मांडीवर एक पितळी डबी उघडी. ती तिच्या ट्रंकेत लुगड्यांखाली होती हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिचं उजवं बोट काळं होतं आणि हनुवटीवरून लाल-काळं पाणी गळत होतं. डोळ्यांतूनही पाणी चाललं होतं, पण ती रडत नव्हती. तोंड उघडं ठेवून ती श्वास घेत होती, जसा तापलेल्या तव्याला हात लागल्यावर माणूस घेतो.

"आये, हे काय केलंस?"

तिने काळं बोट मला दाखवलं आणि मग गालाला लावून दाखवलं. दुखणं मरेल म्हणून. इतकी वर्षं मरत आलं होतं.

मी तिला गार पाण्याच्या चुळा भरायला लावल्या. दर चुळेला ती किंचाळायची, पण आवाज निघत नव्हता, नुसती हवा. अंगाला हात लावला तर ताप होता. रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन इथल्याच एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते वयस्क गृहस्थ आहेत, मोजकं बोलणारे. त्यांनी तोंडात पाहिलं, तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"अंगात पाणी राहिलेलं नाही. तोंडात बुरशी पण धरलीय," ते म्हणाले. "आत्ताच ॲडमिट करा. सलाइन लावतो, बुरशीचं आणि तापाचं औषध सुरू करतो. पण सलाइनवर माणूस किती दिवस ठेवणार? नाकातून नळी घालावी लागेल. तोंड भरून येईपर्यंत. महिनाभर म्हणा."

नळी हा शब्द ऐकल्याबरोबर आयेने माझा हात सोडला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळी सलाइनची एक बाटली गेल्यावर तिच्या डोळ्यांत जरा तेज आलं. नर्स ट्रे घेऊन आली, त्यात गुंडाळलेली नळी होती. आयेने दोन्ही हातांनी नाक झाकलं. नर्सने समजावलं, माझ्या बायकोने समजावलं. मी म्हटलं, "आये, ही औषधाची नळी आहे, मरणाची नाही." तिने नाकावरचा एक हात काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि तो हात आडवा, जमिनीसारखा सपाट करून दाखवला. खालच्या वाडीतली बाई. तिला कसं नेलं ते. नर्स ट्रे घेऊन परत गेली.

डॉक्टर सकाळी आले. म्हणाले, "जबरदस्ती मी करणार नाही. पण ताप उतरलेला नाही आणि पोटात अन्न नाही. उद्यापर्यंत ठरवा." खोलीबाहेर आल्यावर मी विचारलं, "नाही घातली तर?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

तेव्हा माझ्या बायकोला लोट्याचा माणूस आठवला. "त्यांच्याकडून सांगून बघू," ती म्हणाली. मी त्याच्या बायकोला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. तिने फोन बाजूला धरून नवऱ्याला काही विचारलं. मग म्हणाली, "भाऊ, अर्ध्या तासाने व्हिडिओ लावा. मी त्यांना बसवते."

अर्ध्या तासाने मी फोन आयेसमोर धरला. तो खिडकीपाशी उशांना टेकून बसला होता, केस नीट भांग पाडून बसवलेले. नाकात नळी तशीच. चेहरा उतरला होता, पण हसला.

"मावशी," तो म्हणाला. शब्द पूर्वीपेक्षा जड होते, बायको मागून एकेक वाक्य पुन्हा सांगत होती. "मावशी, मला बघा. मी किती दिवस नळीवर हाय? मेलो का?"

आये स्क्रीनकडे बघत राहिली.

"घालताना डोळ्यांत पाणी येतं. थोडं उमासायला होतं. नर्स गीळ म्हणते तेव्हा गिळायचं. मग काय नाय." त्याने बायकोला खूण केली. तिने पिचकारी पुढे आणली आणि त्याच्या नळीत दूध सोडलं, आयेला दिसेल असं, सावकाश. तो सबंध वेळ कॅमेऱ्यात बघत होता. "हे बघा. तोंडाला काय समजलं पण नाय. तोंडाला सुट्टी द्या मावशी. त्याला जरा पडू द्या."

पिचकारी रिकामी झाली. त्याने दोन्ही हात जोडले. आयेने सलाइन न लावलेला हात वर केला, कोल्हापुरात त्याच्या डोक्यावर ठेवला होता तसा, आणि फोनच्या काचेवर ठेवला. मग तिने माझ्याकडे पाहून मान हलवली.

नळी घालताना मी तिथे उभा होतो. तिने डोळे मिटले होते आणि नर्स "गिळा आजी, गिळा" म्हणत होती, आणि आये त्या सोललेल्या घशाने गिळत होती. दोन दिवसांनी ताप उतरला. पाचव्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं. बायकोने नर्सकडून सगळं शिकून घेतलं होतं: नळी जागेवर आहे ना ते आधी तपासायचं, तिला बसतं करायचं, घाई करायची नाही, नंतर साधं पाणी सोडून नळी धुवायची, आणि तासभर आडवं होऊ द्यायचं नाही. गुळण्या तशाच चालू ठेवायच्या. मिशरीची डबी मी कचऱ्यात टाकली. आयेने टाकताना पाहिलं आणि काही खूण केली नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत लोट्याहून फोन आला. मी "हॅलो, कसे आहेत?" म्हणालो. त्याची बायको म्हणाली, "भाऊ, ते गेले." छातीत कफ झाला होता, न्यूमोनिया. चिपळूणला हलवलं, तिथे दोन दिवस होते. मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. मुलं डबे उघडत होती, वासावरून कळत होतं की कुणाच्या तरी डब्यात बांगड्याचं तिखलं आहे. मी "अरेरे" एवढंच म्हणालो आणि पुढे काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मावशीला सांगू नका इतक्यात. ह्यांनीच मला सांगून ठेवलेलं."

डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनीही तेच सांगितलं. "आत्ता नको. त्यांनी नळी उपसून टाकली तर मी काय करू?"

त्यानंतरचे दिवस मला सर्वांत जड गेले. आये सुधारत होती. रोज सकाळी खिडकीपाशी बसून ती तोंड उघडायची आणि मी बघायचो. पांढरे पापुद्रे कडेने आत आक्रसत होते. लाली गुलाबी होत होती. थुंकीच्या तारा कमी झाल्या. मॉर्फीन डॉक्टरांनी हळूहळू उतरवलं. आणि दर सुधारणेबरोबर मला लोट्याची ती खिडकी आठवायची. आये नळीकडे बोट करायची, मग दोन बोटं फोनसारखी कानाला लावायची आणि भुवया वर करायची: तो कसा आहे? माझी बायको त्या वेळी स्वयंपाकघरात निघून जायची. मी म्हणायचो, "फोन लागत नाही गं." एवढंच. त्याचा फोन खरंच बंद होता. आयेच्या नाकातली नळी पाहताना मला कुठल्या क्षणी काय होईल ते सांगता येत नव्हतं. रात्री ती जरा खोकली तरी आम्ही दोघं उठून बसायचो, तिची पाठ उभी करायचो. कफ, छाती, चिपळूण, असे शब्द डोक्यात फिरत राहायचे.

महिना उलटल्यावर तिने बायकोच्या हातून दोन चमचे पेज तोंडाने घेतली. गिळताना चेहरा वाकडा झाला, पण गेली. आणखी थोड्या दिवसांनी वाटीभर जायला लागली, आणि डॉक्टरांनी नळी काढली. नळी बाहेर आल्यावर तिने नाक चोळलं, पाणी प्यायली आणि घोगऱ्या, अनोळखी आवाजात पहिलं वाक्य बोलली:

"बाला, आता सांग. तो गेला ना?"

मी हो म्हणालो. तिने कधी गेला ते विचारलं. मी सांगितलं. तिने मनात हिशेब केला असावा, कारण तिचा हात घशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"माझी नळी होती तेव्हाच?"

"हो."

तिने ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं. मग म्हणाली, "तिच्याकडे जाऊया."

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावर आम्ही गेलो. लोट्याजवळच्या एका गावात चाळीतली खोली होती. शिफ्ट सुटायची वेळ होती, कंपनीच्या बसगाड्या एकामागून एक रस्त्याने चालल्या होत्या आणि हवेला तो तिकडचा उग्र वास होता. त्याची बायको दारात आली. आयेने तिला जवळ घेतलं. दोघी खाली बसल्या. त्यांची पोरगी शाळेतून यायची होती, घरात दुसरं कुणी नव्हतं.

आयेला फार बोलता येत नाही, तोंड कोरडं पडतं. ती दर दोन वाक्यांनी बाटलीतून घोट घेत होती. तिने विचारलं, "त्या दिवशी फोनवर बसला होता, तेव्हा बरा होता ना गो?"

ती बाई जमिनीकडे बघत म्हणाली, "ताप होता मावशी. दोन दिवस होता. छातीत घरघर पण होती. मी म्हटलं, पडून राहा, मी सांगते मावशीला. ते म्हणाले, तू सांगून ती ऐकायची नाय, तिला नळीवाला माणूस बसलेला दिसला पाहिजे. मला केस विंचरायला लावले. फोन ठेवल्यावर आडवे झाले ते..." तिने पुढचं सोडून दिलं.

"दूध कशाला सोडलंस मग?" आये म्हणाली. आवाज फाटला. "ताप असताना बसवून दूध कशाला सोडलंस त्याला?"

"त्यांनीच सोड म्हटलं."

मी मध्ये पडलो. म्हणालो की न्यूमोनिया एका पिचकारीने होत नाही, तो आधीच झालेला होता. डॉक्टरांनी मला तसं सांगितलंही होतं. ती बाई म्हणाली, "मला पण तसंच सांगितलं, भाऊ." आयेने आमच्या दोघांचंही ऐकून घेतलं. पण त्या खोलीत ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. निघताना आयेने तिला विचारलं, "जेवतेस ना तू?" आणि ती हो म्हणाली, पण तिचं मनगट आयेने हातात धरलं तेव्हा ते किती बारीक झालंय ते मला दिसलं. येताना एसटीत आये सबंध वाट खिडकीबाहेर बघत होती. रत्नागिरी स्टँड आल्यावर तिला उतरायचं आहे हे मला सांगावं लागलं.

आता आये आमच्याकडेच असते. तोंड भरून आलं आहे. चव अर्धी परत आलीय, गोड कळतं, खारट कळतं, तिखट मात्र अजून विस्तवासारखं लागतं. तोंड पुरतं उघडत नाही, दोन बोटं जेमतेम मावतात. वंदना म्हणते, पण दुसऱ्या कुणी सुरू केल्यावर. दर रविवारी माझ्या फोनवरून ती लोट्याला फोन लावते आणि त्या बाईला काय शिजवलं ते विचारते.

गेल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंना ठिगळाच्या कडेला एक लालसर डाग दिसला. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून त्यांनाही दाखवला, आणि तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत आये रोजच्यासारखी वागली. सोडा-मिठाच्या गुळण्या आता सकाळ-संध्याकाळच असतात, त्या तिने पुन्हा दर दोन तासांनी सुरू केल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मोरीतून तो गुळण्यांचा आवाज आला की माझी बायको हातातलं काम थांबवायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.

रिपोर्टच्या दिवशी बाईंनी कागद दोनदा वाचला. "काही नाही आजी," त्या म्हणाल्या. "या खेपेला काही नाही."

आयेने मान हलवली आणि पुढची तारीख विचारली.